रिकामी बरणी

नव्वदच्या दशकात मी बेलापूरच्या खाडीतल्या खेकड्यांवर पीएच.डी. करत होतो. चिखलातली वाट दाखवायला गावातली मावशी सोबत यायची. चिखलावर बांबूची चौकट टाकून तिच्यात सापडलेले खेकडे मी बरणीत घालून मोजायचो. मोजून झाले की ती एकेकाला बिळाशी सोडायची, "जा रे घरा," म्हणायची.

एकदा मी तापाने फणफणलो. त्या आठवड्याचा आकडा अंदाजाने ठोकून द्यायचं ठरवलं. संध्याकाळी मावशी चिखलाच्या पायांनी दारात उभी, हातात रिकामी बरणी.

"तुजी चौकट टाकली. एक पन नाय गावला."

"मग बरणी कशाला आणलीस?"

"रिकामी त रिकामी. दाखवाला नको?"

खाडीचा तो काठ आता भरावाखाली बुजला. प्रबंधात त्या आठवड्यापुढे शून्य आहे. आभारांत मात्र मावशीचं नाव नाही. मी ते कधी विचारलंच नव्हतं.