वहिनीचा आराम

वहिनीचं मूल चौथ्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा मी सुट्टी घेऊन सुरतजवळच्या भेस्तानच्या घरी आले. डॉक्टरांनी आराम सांगितला होता. पण दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच सकाळी मायने तिच्यापुढे साड्यांचा गठ्ठा ठेवला. आमच्या भागात पुरुष लूमवर, म्हणजे यंत्रमागावर जातात आणि बायका घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवतात. मायच्या याच कामाच्या जोरावर मी मामाच्या गावी राहून शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले. तिला उलटून बोलणं मला आजही जड जातं.

"ती काय बाळंतीण आहे?" माय म्हणाली. "बसल्या जागेचं काम. मी नव्हते का बसत?"

शेजारच्या मावशी दारातूनच हसल्या. "तुझी माय म्हणजे लूम आहे वं. लाइट गेली तरच थांबते."

वहिनी हसली नाही. तिचा खडा वाकडा लागला. नखाने काढून तिने पुन्हा लावला, पुन्हा वाकडा. माय ओरडणार, तेवढ्यात मी गठ्ठा बाजूला ओढला.

वहिनीची बाजू घ्यायची म्हणून तोंड उघडलं, पण निघालं वेगळंच. "माय, तुझं बाळ गेलं तेव्हा तुला कोणी झोपू दिलं होतं का?"

माझ्या आधीचा तिचा मुलगा जन्मताच गेला होता. घरात तो विषय कोणी काढत नसे.

"कोण झोपू देणार? संध्याकाळी भाकरी टाकल्या मी. दूध यायचं, पदर ओला व्हायचा. सासू म्हणाली, सोंगं नको करू. मलाही वाटलं, सोंगच असेल."

"सोंग नव्हतं, माय."

"नाही," ती हळूच म्हणाली. "लई दुखायचं वं."

स्वतःला विसरणारी माणसंच दुसऱ्याला जीव लावतात, असं मी शाळेपासून मानत आले होते. पण मायने स्वतःच्या दुखण्याला कधी दुखणं म्हटलंच नव्हतं. मग वहिनीचं तिला कसं दिसणार?

पदराने डोळे पुसून तिने गादी पसरली आणि वहिनीला आडवं केलं. शेजारी बसून विचारलं, "कुठं दुखतंय?"

वहिनी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडली. माय तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दुपारी मी गठ्ठा काम देणाऱ्या शेठकडे परत देऊन आले. ते काम दुसऱ्या घरी गेलं.