कोपऱ्यातलं गोणपाट

अख्ख्या कॅम्पात भुताला शिकवणीला बसवणारा मास्तर एकच होता, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. फाळणीनंतर सिंधी माणसं मिलिटरीच्या रिकाम्या बराकीत राहायला आली, त्यातलाच हा. पोरं त्याला साईं म्हणायची. भर वैशाखातही कोटाची बटणं गळ्यापर्यंत. दिवेलागणीला पोरं जमायची. हातपाय धुवायचे आणि रोज आपल्याच जाग्यावर बसायचं. कुणी जागा बदलली की ओरडायचा, "कल का पढा हुआ तुझे उधर ढूँढता बैठेगा!" एकदा एक पोरगं पापड खात वाचायला लागलं, तर यानं सगळ्यांची पुस्तकं मिटवली. "पहिले पापडचा अभ्यास पुरा कर." सगळे गपगुमान ऐकत बसले, कुर्रम कुर्रम.

कोपऱ्यात एक गोणपाट रिकामं असायचं. धडा झाला की त्याच्यापुढं बसून, आज काय कळलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. "दुसऱ्याला सांगता आलं, तरच आपलं झालं," साईं म्हणायचा. त्याची पोरगी इकडं येताना गर्दीत हरवली, ते गोणपाट तिचं.

माझी लीला सातवीला होती. नवरा वारलेला, मी अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात. नापास झाली तर तीपण माझ्याशेजारी पेट्या भरायला येणार, पास झाली तर मास्तरीण, तेव्हा सातवीवर ती नोकरी मिळायची. म्हणून साईंकडं धाडली. थोड्या दिवसांनी म्हणते, "आई, ती मला विचारते."

"कोण गं?"

"गोणपाटावरची. नाय समजलं की मान हलवते. मग मी परत सांगते."

दुसऱ्या दिवशी कामावरनं सुटले ती थेट लीलाला शिकवणीतनं उठवायला गेले. दिवसभर उभी, पाय भरून आलेले, आत अंधारलेलं. कोपऱ्यात टेकायला जागा दिसली, टेकले. पोरांचं वाचणं एकदम बंद. खालचं गोणपाट गरम, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं. साईंचं तोंड पांढरं पडलं. मी उठायला लागले तर म्हणाला, "बैठो, बाई. तिनं जागा दिली तुमाला. लीला, सांग."

पृथ्वी गोल फिरते म्हणाली. मी म्हटलं, "मग आपण पडत कसे नाय?" तिनं परत सांगितलं, सावकाश. मला कळलं. जन्मात पहिल्यांदा पुस्तकातलं काही कळलं. लीला माझ्या कानात म्हणाली, "तीपण हेच विचारत होती."

मग लीलाला उठवायचं राहिलंच. रोज मीच साईंकडं जाऊन बसायला लागले. निकाल लागला, लीला पास. साईंनं पहिला पेढा गोणपाटावर ठेवला, मग आम्हाला दिला.

साईं गेला तेव्हा ते गोणपाट माझ्याकडं आलं. त्याच्या पोरीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आता लीलाची पोरगी त्याच्यापुढं बसून धडा सांगते. साईंला तिनं कधी बघितलेलं नाय. परवा म्हणाली, "आजी, तिथं आता दोघं बसतात. दाटी होते त्यांना. त्या बाबांना कोटात उकडत नाय का गं?"

तेव्हापासनं मी शेजारी अजून एक गोणपाट अंथरते.