दिव्याची दोरी

मार्चच्या मोठ्या भूकंपानंतर मला छताकडे बघायची सवय लागली. हिगाशी-कसाईत आमचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट होता आणि बैठकीच्या खोलीतल्या दिव्याला ओढायची एक पांढरी दोरी होती. ती असते दिवा लावायला-मालवायला. त्या वर्षी मात्र निम्म्या टोकियोनं ती वेगळ्याच कामाला लावली होती. पायाखाली हलल्यासारखं वाटलं की आधी दोरीकडे बघायचं. दोरी हलत असेल तर भूकंप खरा. दोरी स्थिर असेल तर भूकंप आपल्या डोक्यात. धक्के इतके येत होते की अंगाला जमिनीचा भरवसाच उरला नव्हता. भाजी चिरताना, दात घासताना, स्टेशनवर उभं असताना आपण उगीचच डुलतोय असं वाटायचं.

मी मुळातली भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. मी पालीला भिते, लिफ्टला भिते, अवेळी वाजलेल्या फोनला भिते. भूकंपानंतर चौथ्या दिवशी लेकीला काखोटीला मारून मी पुण्याला पळाले होते आणि जूनमध्ये नवऱ्यानं 'आता येताय की मी येऊ' असं विचारलं तेव्हा परत आले. दाराशी भूकंपाची पिशवी भरलेली असायची. त्यात पाणी, टॉर्च, पासपोर्ट आणि लाडवांचा डबा. लाडू दर पंधरा दिवसांनी मीच संपवायचे, भीतीनं भूक लागते म्हणून.

त्याच शरद ऋतूत मला नोकरी लागली, तीही बर्फावरच्या हॉकीच्या एका संघात. उत्तरेकडचं त्यांचं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, भूकंपात तडकलं होतं. म्हणून तेवढ्या हंगामापुरता संघ टोकियोच्या पूर्व भागात सराव करत होता. त्यांचा आधीचा दुभाषी मार्चमध्ये मायदेशी गेला तो आलाच नाही. मला हॉकी म्हणजे शाळेच्या मैदानावरची ठाऊक, तीही लांबून. पण जपानी मी पुण्यात सहा वर्षं शिकले होते, इंग्रजी येत होतं, आणि संघात परदेशी खेळाडू एकच होता. एक स्वीडिश माणूस. त्याचं बोलणं इकडून तिकडे करायचं, एवढंच काम.

तो सदतीस वर्षांचा होता. वरचे दोन दात नव्हते आणि हसताना ते लपवायची त्याला गरजही वाटत नसे. अठराव्या वर्षी घर सोडलं तेव्हापासून तो फिनलंड, जर्मनी, इटलीतला डोंगराळ भाग, रशियाचं पार पूर्वेचं टोक, कोरिया असं करत करत जपानला पोचला होता. कुठे दोन हंगाम, कुठे अर्धाच. माझे वडील बँकेत होते, दर तीन वर्षांनी बदली. मी सहा शाळा बदलल्या. त्यामुळे त्याचं आयुष्य मला लगेच कळलं. सामान कमी, ओळखी भरपूर, आणि कुठल्याच भिंतीला खिळा ठोकायचा नाही. तो म्हणायचा, "नव्या देशात मी आधी पाच शब्द शिकतो. डावीकडे, उजवीकडे, मागे बघ, माझा, आणि मी ठीक आहे." जपानीतला 'मी ठीक आहे' त्याला फार आवडायचा. दाइजोबु. म्हणताना दातांच्या फटीतून वारा यायचा.

पुण्यातल्या आमच्या बाईंनी एक गोष्ट आमच्या डोक्यात ठोकून बसवली होती. दुभाष्यानं स्वतःचं काही घालायचं नाही, दुसऱ्याचं काही गाळायचं नाही, आणि समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. "तुम्ही तिथे नसता," बाई म्हणायच्या. "तुमचं फक्त तोंड असतं." मी हा नियम अगदी सोवळ्यासारखा पाळायचे. त्यामुळे पाच फूट उंचीची, कार्डिगन घातलेली मी जपानी प्रशिक्षकांना गंभीरपणे सांगायचे, "माझा खांदा निखळला होता, पण मी तो स्वतःच बसवला." संघातली मुलं हसून बेजार व्हायची. नवरा घरी विचारायचा, "आज काय मोडलं तुझं?"

डिसेंबरात एका सामन्यात त्याला मागून धडक बसली आणि कडेच्या फळीवर त्याचं डोकं आपटलं. तो आवाज मी बाकाच्या मागून ऐकला. नारळ फोडल्याचा आवाज असतो ना, तसा. तो उठला, हात हलवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याभरानं आम्ही संघाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वयस्क, सौम्य, प्रत्येक प्रश्नाआधी जराशी मान लववणारे. डोकं दुखतं का? नाही. झोप लागते का? लागते. जमीन हलल्यासारखी वाटते का?

त्यानं हसून मला सांगितलं, "त्यांना म्हणावं, टोकियोत सगळ्यांना वाटते तेवढीच."

मी तसंच सांगितलं. डॉक्टर खळखळून हसले. म्हणाले, "मलाही वाटते. आमच्या घरात तर सगळ्यांनाच." मीही हसले. आम्ही तिघंही हसलो आणि त्याला खेळायची परवानगी मिळाली. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतरच्या रविवारी मी त्याला दुपारी जेवायला बोलावलं. तो जवळच फुनाबोरीला राहायचा, एकटाच, आणि कोनबिनीतल्या, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, थंड भातावर दिवस काढायचा. नवरा लेकीला घेऊन पोहायच्या वर्गाला गेला होता. मी वरणभात, बटाट्याची भाजी, दही असा बिनतिखटाचा बेत केला होता. तो दुसऱ्यांदा वरण घेत होता. अचानक त्यानं दोन्ही हातांनी टेबल धरलं. बोटं पांढरी पडली.

"भूकंप," तो म्हणाला.

माझी नजर सवयीनं वर गेली. दोरी हलत नव्हती. ताटातल्या वरणावर साधी लाटही नव्हती. मी परत खाली बघितलं तर तो माझ्याकडे बघत होता. मी कुठे बघितलं आणि का बघितलं, हे त्याला कळलं होतं. मग त्यानंही मान वर करून दोरीकडे बघितलं. बराच वेळ.

"किती दिवस होतंय हे?" मी विचारलं.

"धडक बसली तेव्हापासून."

"म्हणजे डॉक्टरांना तू..."

"डॉक्टरांना तू सांगितलंस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, उलट हसला. "हे बघ, हंगाम संपायला दहा आठवडे आहेत. हा माझा शेवटचा संघ. पुढे मला कोणी बोलावणार नाही. बर्फाच्या बाहेर मला काहीच येत नाही, खरंच काही नाही. अठराव्या वर्षापासून मी दुसरं काही केलेलंच नाही. तू माझं तोंड आहेस ना? मग मी बोलेन तेवढंच बोल."

माझाच नियम मला ऐकवत होता. मी दही वाढलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू काय डॉक्टर आहेस का? त्याचं त्याला कळतं. आणि नोकरीतलं असलं बाहेर सांगितलंस तर इथे परत कोण ठेवेल तुला?" त्याचंही खोटं नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी सोडलंही नाही आणि धरलंही नाही. गप्प बसले आणि त्याला बाईंच्या शिस्तीचं नाव दिलं. खरं कारण एवढंच होतं की मला भीती वाटत होती. तो बर्फावर मरेल याची भीती, आणि तोंड उघडलं तर सगळे माझ्याकडे बघतील याचीही. त्यातली दुसरी भीती जास्त मोठी होती. हे लिहिताना हात जड होतो, पण तसंच होतं.

पुढचे सामने मी पाहिले असं म्हणवत नाही. मी बाकाच्या मागे उभी राहून त्याच्या हेल्मेटकडे बघायचे. कोणी त्याच्या अंगावर आलं की मी डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात रामरक्षा सुरू करायचे. ती मला अर्धीच येते, त्यामुळे तेवढीच पुन्हा पुन्हा. लेकीला शाळेत शिकवलं होतं की भूकंप झाला तर आधी डोकं झाकायचं. ती घरात उशी डोक्यावर धरून खेळायची आणि मला जपानीत ओरडून सांगायची, "आई, डोकं! आधी डोकं!" मला रडू यायचं. तिला वाटायचं मी भूकंपाला घाबरले.

असे तीन आठवडे गेले. मग एका शनिवारी दुपारच्या सामन्यात त्याला पुन्हा धक्का लागला. अगदी साधा, खांद्याला खांदा घासावा तेवढाच. तो पडलासुद्धा नाही. वळला, शांतपणे घसरत आला आणि समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. पाणी प्यायला. शेजारच्या खेळाडूला काहीतरी सांगू लागला. सगळं रिंक हसलं. आमचे प्रशिक्षकही हसले. त्याला वाटलं लोक कौतुकानं हसताहेत, म्हणून त्यानंही हात हलवला.

मी वर बघितलं. रिंकच्या छताला दिवे होते, झेंडे होते, दोरी कुठेच नव्हती.

सोमवारी सकाळी पुन्हा त्याच डॉक्टरांची खोली. संघाचे व्यवस्थापकही आले होते, दाराशी उभे. डॉक्टरांनी मान लववली आणि पहिला प्रश्न विचारला. मी तो इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं माझ्याकडे न बघता थेट जपानीतच उत्तर दिलं.

"दाइजोबु."

दुसरा प्रश्न. "दाइजोबु." तिसरा. तेच. आता त्याला माझं तोंडही नको होतं. डॉक्टर खूश झाले. परदेशी माणूस आपली भाषा बोलला की इथे सगळेच खूश होतात. त्यांनी फाइल मिटली. व्यवस्थापकांनी घड्याळ बघितलं. मी पर्स उचलली, अगदी उठलेसुद्धा. उठले आणि तशीच उभी राहिले.

"क्षमा करा," मी जपानीत म्हणाले. "आता जे सांगते ते यांचं नाही. माझं आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"यांना जमीन हलल्यासारखी वाटते," मी म्हणाले. "दोरी हलत नसते तेव्हासुद्धा."

जास्त काही समजवावं लागलं नाही. डॉक्टरांची नजर आपोआप छताकडे गेली, मग व्यवस्थापकांची. दोघांच्याही घरी तशी दोरी असणारच. मी जेवणाच्या टेबलाचं सांगितलं. तीन आठवड्यांचं सांगितलं. मला आधीपासून माहीत होतं, हेही सांगितलं. बोलून झाल्यावर मी कमरेत वाकले ते वाकलेलीच राहिले, कारण सरळ झाले असते तर त्याचा चेहरा दिसला असता.

त्याला शब्द कळले नाहीत. पण वीस वर्षं परक्या देशांत काढलेल्या माणसाला शब्द लागत नाहीत. तो खुर्चीत मागे टेकला आणि इंग्रजीत एवढंच म्हणाला, "आता तरी मला सांग, तू काय म्हणालीस."

ते मी त्याला शब्द न शब्द सांगितलं. काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

तो पुन्हा बर्फावर उतरला नाही. तपासण्या झाल्या. मेंदूला बसलेला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला होता. पहिल्यानंतर थांबले असते तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि हे वाक्यसुद्धा त्याच्यापर्यंत मलाच पोचवावं लागलं. फेब्रुवारीत तो गेला. विमानतळावर सोडायला मी गेले होते. त्यानं हात मिळवला आणि वळला. काचेच्या दारापलीकडे जाताना एका हातानं तो कठडा धरून चालत होता.

हंगाम संपल्यावर मीही ती नोकरी सोडली. आता कागदांची भाषांतरं करते. कागदाला डोकं नसतं.

दोन वर्षांनी एका सकाळी फोनवर त्यानं पाठवलेला एक फोटो आला. लाकडी छत, साधा दिवा, आणि दिव्याला लोंबणारी पांढरी नाडी. बर्फावर घालायच्या बुटाची. खाली लिहिलं होतं, "आमच्या गावात भूकंप होत नाहीत. तरी टांगून ठेवली आहे. नाडी कधीच हलत नाही."

दाइजोबु का, असं विचारायला बोटं गेली होती, पण त्याचं उत्तर तो काय देईल ते मला ठाऊक होतं. म्हणून दुसरंच विचारलं. नाडी हलत नसताना जमीन किती वेळा हलते?

"रोज," त्यानं लिहिलं.

हेच खरं त्याच्यासाठी सांगायला मी तीन आठवडे लावले होते. त्यानं एक मिनिटही लावलं नाही.