आत्याला कुणी तरी विचारलं

"असल्या सुधारक उमेदवारांच्या मागे लोक अडाण्यासारखे लागतात," असं कुणी म्हणालं की माझं डोकं आजही तापतं. माझ्या आत्यालाही लोक हेच म्हणाले होते.

मी धामणगाव बढ्याला तिच्याकडेच राहत होते. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि जमीनजुमला असणाऱ्यांनाच मत असायचं. नवऱ्यामागे शेत तिच्या नावावर आलं, म्हणून तिला मताचा हक्क होता. तिची एकुलती लेक बाळंतपणात अडली आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात नेताना बैलगाडीतच गेली.

निवडणुकीला गावचे देशमुख उभे राहिले. दिराच्या ओसरीवर बसून म्हणाले, "वहिनीचं मत म्हंजे तुमचंच मत." दीर हसला. आत्या दारातच उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

देशमुखांच्या विरोधात बुलढाण्याचे एक तरुण वकील होते. महारवाड्यात बसून चहा पितात म्हणून गाव त्यांची टवाळी करायचं. ते थेट आमच्या अंगणात आले आणि म्हणाले, "बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

आत्या भडकली. "माही पोरगी गाडीत मेली! तुमी काय करसान?"

वकील म्हणाले, "इथं शिकलेली सुईण यावी म्हणून भांडेन. मिळेलच, असं सांगत नाही."

मतदानाआधीच ते ओळखीच्या एका नर्सला घेऊन आले. तिनं आमच्या ओसरीवर गावातल्या सगळ्या सुईणींना एकत्र बसवून हात धुवायला, नाळ कापायचा विळा उकळून घ्यायला शिकवलं.

दीर संतापला. "त्या वकिलाले मत देसान, त माहे बैल तुमच्या वावरात येनार नाहीत."

"नका येऊ देऊ," आत्या म्हणाली.

मतदारांना न्यायला आलेल्या देशमुखांच्या गाडीत न बसता ती माझ्यासोबत उन्हातून चालत गेली आणि मत देऊन आली. वकील पडले. दिरानं बैल दिले नाहीत. शेजारच्या माळ्यांनी आपली जोडी आणून तिचं वावर वाहिलं. गाव मात्र म्हणत राहिलं, वकिलानं बाईवर जादू केली!

"जादू कायची?" आत्या म्हणायची. "मले त्यानं इचारलं. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कोनी इचारलं काय?"

पुढच्या निवडणुकीत ती त्यांच्यासाठी घरोघर फिरली आणि ते निवडून आले. तरी सुईण येईना, तेव्हा आत्या मला घेऊन बुलढाण्याला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि अशिलांसमोर म्हणाली, "काऊन हो, भांडनार होते ना तुमी? सुईण कुठी हाय?"