खाडीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या बाया

मावशी नाशिकला आल्या त्या जव्हारवरून येणाऱ्या एसटीने, वाटेत तीनदा उलट्या करून. भर लाटांत होडीला हात घालून मासळी उतरवणाऱ्या बाईला घाटातली गाडी लागावी, याचं त्यांना स्वतःलाच हसू येत होतं. एका हातात सुक्या बोंबलांची पिशवी, दुसरा हात मुलाच्या खांद्यावर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मासेमारीचा हंगाम चालू होता, त्यामुळे मुलगा चहा पिऊन परतीच्या गाडीने गेला.

माझी आणि त्यांची ओळख वीसेक वर्षांपूर्वीची. शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक समुद्रकाठच्या त्यांच्या कोळी गावात झाली. आम्ही नाशिकचे, आमच्या कॉलनीत बुद्धविहार आणि कारकून-मास्तरांची घरं. समुद्र मी तोवर एकदाच पाहिला होता, सहलीत. खोली शोधायला निघाले तेव्हा दोन घरांनी आधी आडनाव विचारलं आणि मग खोली रिकामी नसल्याचं सांगितलं. तिसरं घर मावशींचं. अंगणात त्या जाळं विणत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी एवढंच विचारलं, "मासं खातेस ना, बाई?"

"खाते," मी म्हणाले.

"मंग हात धू. भात उकडलाय."

त्या घरात मी नऊ वर्षं राहिले. पहिल्या पावसाळ्यात तापाने फणफणले तेव्हा माझ्या उशाशी त्याच बसून होत्या. पुढे बदली होऊन मी नाशिकला आले, तरी फोन चालू राहिला. मागच्या वर्षी त्यांच्या सुनेने सांगितलं की मावशी धक्क्यावर दोनदा पडल्या, पण ऑपरेशनला तयार होत नाहीत. मी फोन मावशींना द्यायला सांगितला आणि म्हणाले, "मावशी, माझ्या घरी या. नाही आलात तर मी न्यायला येते." आणि त्या आल्या.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चुलीजवळ जायचं नाही, खाली वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. ज्या बाईचं सगळं आयुष्य पाण्यात आणि वाकण्यात गेलं, तिने काळा चष्मा लावून आमच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर नुसतं बसायचं! दोन दिवसांत त्या कंटाळल्या. माझी आई शेजारी मेथी निवडत होती. मावशी म्हणाल्या, "ताई, एक जुडी मला द्या. हाताला दिसतंय माझ्या."

मेथी निवडता निवडता बोलणं गावावर आलं. मी तिथे असताना शाळेच्या भिंतीवर गावाची माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. कार्यालयातले कागद पाहून मी चार ओळी लिहिल्या होत्या: लोकसंख्या, क्षेत्रफळ, मुख्य व्यवसाय मासेमारी. मावशींना वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं होतं. त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "हे गाव हाय का रेशनकार्ड?" मला राग आला होता. खरं काय ते विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

आता सुचलं. मी वही घेऊन बसले. रोज दुपारी शाळेतून आले की आमची बैठक बसायची.

त्यांनी सांगितलं की आज जिथे होड्या नांगरतात, तिथे पूर्वी गाव होतं. त्यांच्या सासूच्या तरुणपणी समुद्र आत आला. लोकांनी घरांचे खांब, दारं, चौकटी उपसून डोक्यावरून आत आणल्या. नवी घरं उभी राहीपर्यंत मधे एक पावसाळा गेला. तो सगळा पावसाळा डोंगराकडच्या वारली पाड्याने कोळ्यांना आपल्या झोपड्यांत ठेवून घेतलं, नागलीच्या भाकऱ्या वाटून खाल्ल्या. तेव्हापासून हंगामातल्या मासळीची पहिली टोपली पाड्यावर जाते. नऊ वर्षं मी ती टोपली जाताना पाहिली होती. बाजाराला चालली असेल असं समजत होते.

मग एका दुपारी मावशी एका वादळाचं बोलल्या. त्यांचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. शिडाच्या सात होड्या बाहेर होत्या आणि भरदुपारी पाऊस असा कोसळला की हातभर पुढचं दिसेना. खाडीच्या तोंडाशी खडक. चुकली होडी की फुटली. गावातल्या बाया डबे, पराती, पातेली घेऊन तिथे गेल्या आणि बडवत उभ्या राहिल्या. त्या आवाजावर एकेक होडी आत येत गेली. सहा आल्या. सातवीत मावशींचे यजमान होते.

रात्री मी ते नीट लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. माझं वाक्य होतं, 'किनाऱ्यावर स्त्रिया आक्रोश करत होत्या.'

"खोड ते," मावशी म्हणाल्या. "कोण रडत नव्हतं. रडलं तर आवाज कसा जाणार पातेल्याचा?"

"मग सहा होड्या आल्यावर? बाकीच्या घरी गेल्या असतील ना?"

"एक बी नाय गेली. ज्यांचे नवरे आले त्यांनी बी पातेली खाली ठेवली नाय. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तरी माझ्यासंगती वाजवत होत्या. मीच सांगितलं मंग, आता पुरे, बायांनो." मग म्हणाल्या, "माझ्या पातेल्याचं बूड गेलं होतं. ते लिही."

मी लिहिलं. आईच्या हातातली मेथी तशीच राहिली होती.

महिन्याभरात दुसराही डोळा झाला. चष्मा उतरल्यावर मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, तू म्हातारी झालीस की!" आम्ही खूप हसलो. जाण्याआधी मी त्यांना आईच्या माहेरी, सायखेड्याला नेलं. गोदावरीच्या काठावर त्या बराच वेळ पाणी बघत उभ्या राहिल्या. मग आईला विचारलं, "ताई, हिचं पाणी परत येत नाय?"

"नाही हो. गेलं ते गेलं."

"आमचं येतं," मावशी म्हणाल्या. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं. डॉक्टरांची बंदी त्या आठवड्यात उठली होती.

लिहून झालेल्या दोन्ही वह्या त्या सोबत घेऊन गेल्या. पुढे सुनेचा फोन आला की तिथले नवे गुरुजी शनिवारी मुलांना त्यातलं वाचून दाखवतात आणि मावशी मागे बसून चुका काढतात. ज्या गावाने मला जेवू घातलं, त्याला माझ्याकडून एवढं तरी पोचलं.

मावशी गावी परतल्यानंतरच्या रविवारी आई स्वयंपाकघरात त्याच खुर्चीवर येऊन बसली. हातात काही काम नव्हतं. मग म्हणाली, "आमच्या सायखेड्यात पूर आला होता, तेव्हा मी तुझ्या मामाला खांद्यावर घेऊन देवळात गेले होते. तुला कधी सांगितलं का मी?"

नव्हतं सांगितलं. मी विचारलंच नव्हतं. गॅस बंद केला आणि तिच्यासमोर बसले.