शेवटच्या पायरीवरची हाक

गादीवर चार बोटं उभी रोवून तो म्हणायचा, "आधी सांगाडा, भाऊ. कपडा मंग." मांडववाल्याने बल्ल्या रोवाव्या तसं. कपडा म्हणजे रंग, फोटो, दुकानाचं नाव. मला नेमकं तेच आधी हवं असायचं आणि तो मला काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं दाखवायचा.

माझं इंटरनेटवरचं दुकान बांधून देणारा, धामणगावचा माणूस. सकाळच्या पॅसेंजरने अकोल्याला यायचा आणि जठारपेठेतल्या माझ्या गादी-रजईच्या दुकानात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचा. त्या वर्षांत कापसाने खेडी पार बुडवली होती. लेकीच्या लग्नात गादी-रजई देणारी गावं हात आखडू लागली, आणि माझा धंदा म्हणजे तीच गावं. हातगाडीपासून उभं केलेलं दुकान. इंटरनेटवर माल विकला गेला नाही तर शटर खाली येणार, हे मला दिसत होतं.

"रजईचा भाव सांगा, भाऊ."

"गिऱ्हाईक कोन हाये?"

"गिऱ्हाईक दिसत नाही इथं. रकाना एकच हाये."

मी चढा सांगितला. उतरायला जागा नको? लोक त्या पडद्यावरच्या दुकानात येत, रजई टोपलीत टाकत आणि न घेताच निघून जात. माझं डोकं फिरायचं.

"अबे, भाव कावून करत नाहीत हे?"

"कोनासंग करतीन? तुमी तिथं नसता ना."

तुम्ही बाजारात वावरला असाल तर जाणताच. गिऱ्हाईक तणतणत उठतं, पायऱ्या उतरतं आणि शेवटच्या पायरीवर मान वळवतं. तेव्हाच हाक मारायची, "या हो, घेऊन जा, तुमच्याच भावात." सगळा धंदा त्या हाकेत असतो. मी त्याला म्हणालो, तुझ्या दुकानाले पायरीच नाही. मला वाटलं हसेल. त्याने लॅपटॉपवर काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाला, "पाहतो."

आणि एक दिवस समोरच्या चादरवाल्याचं दुकान इंटरनेटवर दिसलं. तीच मांडणी, तीच टोपली. दुसऱ्या दिवशी तो येऊन टेकतो न टेकतो तोच मी सुरू झालो.

"माहं दुकान त्याले विकलं तू?"

"सांगाडा कोनाचाच नसते, भाऊ. फ्रेमवर्क म्हनतात त्याले. साऱ्याइले फुकट भेटते."

"फुकट? मंग मी पैसे कायचे देऊन राहिलो?"

"बल्ल्या फुकट, भाऊ. रोवाची मजुरी."

"चोट्टा हायेस तू!"

त्याने लॅपटॉप मिटला, बूट घातले. मी गल्ल्यावरून पाहत होतो. हाक ओठांवर तयार होती. मान तेवढी वळायला हवी होती. शेवटची पायरीही तो तसाच उतरला. न वळणाऱ्याला मी आजवर हाक मारलेली नाही.

आता त्याचा फोन लागत नाही. कोणी म्हणतं पुण्याला आहे, कोणी म्हणतं हैदराबादेत. चादरवाल्याचं कुरिअर रोज निघतं.

परवा माझं इंटरनेटचं दुकान बंद करायला बसलो. मालकाच्या पानावर, अगदी तळाशी, कधी न पाहिलेलं एक बटण होतं. "हाक". बंद होतं. शेजारी बसवल्याची तारीख होती: आम्ही भांडलो त्याच्या आदल्या संध्याकाळची. त्या सकाळी तो हेच दाखवायला आला असणार.

बटण चालू केलं. गिऱ्हाईक होऊन एक रजई टोपलीत टाकली आणि न घेताच निघालो. थोड्या वेळाने मोबाईल वाजला, मेसेज होता.

"या हो, घेऊन जा, तुमच्याच भावात."

माझी हाक यंत्राला शिकवून ठेवली होती त्याने. मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? निदान मान वळवायला? तुम्हीच सांगा राजेहो.