दाबून धरायची चावी

मंगळवार, १४ मार्च. नळाला पाणी उशिरा आलं. गॅसचा सिलिंडर बदलला. शिंप्याकडून पडदे आणले, त्यातला एक चार बोटं आखूड. भाऊचा डबा अर्धा परत आला. संध्याकाळी त्याने माळ्यावरची पेटी खाली काढली, सगळी उपसली, पुन्हा भरून वर ठेवली. काय शोधतोस विचारलं, तर म्हणाला, काही नाही.

ही नोंद भाऊच्या थोरल्या बहिणीची. तिला सगळे अक्का म्हणत. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे राहायला आली, त्यालाही बरीच वर्षं झाली. घरात तिघंच. अक्का, भाऊ आणि भाऊचा मुलगा. बापलेक सकाळी एकेक डबा घेऊन वर्कशॉपला जात आणि संध्याकाळी हातांना तेलाचा वास घेऊन परत येत. दिवे लागले की अक्का स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दिवसभरातलं लिहून काढी.

भाऊ शोधत होता लेथची जुनी चावी. लेथवर कातायचा लोखंडाचा तुकडा ज्या जबड्यांत पकडून फिरवतात त्याला चक म्हणतात, आणि ते जबडे आवळायला-सैल करायला चौकोनी टोकाची, आडव्या मुठीची चावी लागते. मशीन घेतलं तेव्हा दोन चाव्या मिळाल्या होत्या.

"दुसरी होती ना गं एक?" रात्रीच्या जेवणाला त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

"झिजलेली? ती भंगारवाल्याला दिली. तुलाच विचारून दिली. तू पेपरातून मान वर न काढता 'दे' म्हणालास."

"मी म्हणालो?"

"तारीख सांगू?"

"नको," भाऊ म्हणाला आणि भात अर्धा टाकून उठला.

"अरे, बस की जरा. पायाला भिंगरी लागलीय का?"



भाऊ ऐन विशीत या धंद्यात पडला. ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला, त्याचे पुढचे दोन दात चकमध्ये विसरलेल्या चावीने नेले होते. मशीन सुरू केल्यावर फिरत्या चकमधून चावी गोफणीतल्या दगडासारखी सुटते. उस्ताद हसला की ती रिकामी जागा दिसायची आणि भाऊचा हात आपोआप चककडे जायचा. पुढे जुनं मशीन घेऊन त्याने स्वतःचं पत्र्याचं वर्कशॉप थाटलं, तेव्हा पहिला नियम हाच केला. ज्याची चावी चकमध्ये राहील, त्याने हात धुवायचे आणि घरी जायचं. मशीन चालू झालेलं असो वा नसो. त्या दिवसाचं काम संपलं.

किती कारागीर आले आणि किती घरी गेले. मुलगाही गेला होता, एकदा तर गिऱ्हाइकासमोर, कान लाल करून. भाऊ मात्र कधीच गेला नव्हता, आणि ही गोष्ट तो नवीन माणसाला ओळख झाल्या झाल्या सांगत असे.

अलीकडे मुलगा एक नवंच टुमणं लावत होता. "बाबा, पुरे झालं. आता घरी बसा. मी बघतो ना." भाऊला हे 'घरी बसा' ऐकवत नसे. एकदा बसलो तर हे लोक पुन्हा उठू देणार नाहीत, अशी त्याची खात्री होती.

आणि मंगळवारी दुपारी मुलगा माल पोचवायला गेला असताना भाऊने, त्यानेच चकमध्ये लावून ठेवलेला पंपाचा फ्लँज, म्हणजे जोडाची गोल चकती, चावीने पुन्हा एकदा आवळला, एवढ्यात शेजारच्या वेल्डरने दारातून विचारलं, "मास्तर, चहा सांगू का?" भाऊ वळला. म्हणाला, "सांग, साखर कमी." वळून परत आला आणि त्याने मशीन सुरू करायचा लिव्हर ओढला.

आवाज झाला तेव्हा त्याला आधी कळलंच नाही की काय झालं. समोरच्या पत्र्याला पोचा आला होता आणि झरोक्याची जाळी फाटली होती. मागे उघडं गटार. चावी त्यात गेली. भाऊने मशीन बंद केलं आणि पत्र्यापाशी जाऊन उभा राहिला. पोचा त्याच्या डोक्याच्या थोडा वर होता. मुलगा त्याच्याहून उंच. मुलगा रोज इथेच, पत्र्याला पाठ लावून ग्राइंडरवर काम करायचा.

त्याने दाराजवळचं कॅलेंडर काढलं आणि पोच्यावर टांगलं.

"चावी कुठंय?" परत आल्यावर मुलाने विचारलं.

"असेल इथेच."

तेवढंच बोलून भाऊ चुकला. त्यानंतर खरं सांगायला दर तासाला जास्त बळ लागणार होतं, आणि बळ तर दर तासाला कमी होत होतं.

बुधवारी तो हार्डवेअरच्या दुकानांत फिरला. मशीन जुनं, त्याच्या चकचं भोक जुन्या मापाचं. दहा मिलिमीटरची चावी आत खुळखुळली असती, बाराची आत शिरली नसती. तिसऱ्या दुकानात दुकानदार म्हणाला, "काका, हे माप माझ्या वडिलांच्या वेळचं. चावी मिळणार नाही, चक बदला."

"तुम्ही दुकान बदला," भाऊ म्हणाला आणि पायऱ्या उतरला. रागावून बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही.

पलीकडच्या गल्लीत दुसरा टर्नर, म्हणजे लेथवाला, होता. त्याच्या दारापर्यंत भाऊ दोनदा गेला आणि दोनदा परत फिरला. चावी हरवली म्हणून सांगणारा टर्नर म्हणजे पट्टी हरवली म्हणून सांगणारा शिंपी. गल्लीभर झालं असतं.

वर्कशॉपमध्ये मुलगा खोके पालथे घालत होता. "काल तो फ्लँज मीच लावला ना, बाबा? मग मी चावी ठेवली कुठे?" तो ग्राइंडरच्या मागे वाकून पाहायचा, बेंचखाली बॅटरी मारायचा. भाऊ त्याच्याकडे न बघता कानस शोधायचा, सापडली की ठेवून द्यायचा, पुन्हा शोधायचा.

"मास्तर, काल दुपारी तुमच्याकडे फटाका फुटला का हो?" वेल्डर चहाचा ग्लास घेऊन आत डोकावला.

"पत्रा पडला."

"कुठला?"

"तुझं गॅसवेल्डिंग चालू आहे का? मग जा, चालू ठेव. मला लागणार आहे."

चावी करायची म्हणजे लेथ हवा, आणि लेथच्या जबड्यांत पंपाचा फ्लँज अडकून बसलेला. तो काढायला चावी हवी. पंपवाल्याचे तर दिवसातून दोनदा फोन. तेव्हा हातानेच करायची. भाऊने गाडीच्या जुन्या ॲक्सलचा तुकडा वाइसमध्ये पकडला आणि त्याच्या टोकाला कानशीने चार बाजू पाडायला लागला. दोन हात मारायचा, चकच्या भोकाला लावून बघायचा, पुन्हा दोन हात. एरवी कानस त्याच्या हातात संथ, लांब चालायची. आज ती ओरडत होती. संध्याकाळपर्यंत चौकोन झाला, पण खांदे दुखून आले.

"काय करतोस इतकं?" अक्काने घरी विचारलं. "हाताला फोड आलेत."

"चावी करतोय."

"विकत मिळत नाही?"

"नाही."

"हरवली कुणी?"

भाऊ उठला आणि खिडकी लावून आला. खिडकी आधीच लावलेली होती. अक्काने पाहिलं. तिने फक्त मलमाची डबी त्याच्या ताटाशेजारी सरकवली.

गुरुवारी सकाळी वेल्डरने ते टोक तापवून लाल केलं, भाऊने तेलात बुडवून त्याला पाणी दिलं, म्हणजे कडक केलं, आडवी मूठ बसवली. चावी चकमध्ये चपखल बसली. मुलगा खूश झाला. "वा! आता काढतो फ्लँज."

"थांब. अजून झाली नाही."

भाऊने कपाटातून स्प्रिंगची तार काढली आणि एका सळईवर वेटोळी घालून, पक्कडीने ओढत, छोटी स्प्रिंग वळली. ती चावीच्या चौकोनी टोकावर चढवली. आता चावी भोकात घातली की स्प्रिंग तिला बाहेर ढकलायची. हाताने दाबून धरली तरच आत राहायची. हात सोडला की टण्णकन बाहेर, खाली. भाऊने दोनदा, तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा चावी खाली पडली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या छातीवरचा दगड किंचित हलल्यासारखा झाला.

मुलगा ते बघत उभा होता.

"स्प्रिंग कशाला?"

"असू दे. विसरायला नको."

"कुणी विसरायला नको?"

भाऊने चावी उचलून फडक्याने पुसायला घेतली.

"माझ्यासाठी ना?" मुलाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "म्हणजे तुम्हाला वाटतंय, मी चकमध्येच विसरलो, ती कुठेतरी पडली, आणि मी दडवतोय. दोन दिवस त्यामुळेच बोलत नाही आहात माझ्याशी. सरळ सांगायचं होतं ना, बाबा. मला खरंच आठवत नाही. पण असेल. मीच असेन." त्याने ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला. "नियम आहे ना? जातो मी."

तो नळाशी गेला. साबण घेतला. पाण्याची धार सुरू झाली.

भाऊला एक क्षण वाटलं, जाऊ दे. आज जाईल, उद्या येईल, विषय संपेल. चावी आहे, स्प्रिंग आहे, पुन्हा होणार नाही. मुलगा नखांतलं तेल खरवडत होता, लहानपणी खरवडायचा तसं, मान खाली घालून, त्याच त्या लाल कानांनी.

"साबण खाली ठेव," भाऊ म्हणाला.

"काय?"

"ठेव म्हणतो ना. आणि इकडे ये."

त्याने पत्र्यावरचं कॅलेंडर काढलं. पोचा होता तिथेच होता. मुलगा जवळ आला, ओले हात अंगापासून लांब धरून. त्याने पोच्याकडे पाहिलं, फाटलेल्या जाळीकडे पाहिलं, मग ग्राइंडरकडे. पोचा बरोबर त्याच्या कानाच्या उंचीवर होता.

"मंगळवारी," भाऊ म्हणाला. "तू माल घेऊन गेला होतास. चहाचं विचारायला वेल्डर आला आणि मी वळलो. चावी चकमध्येच राहिली."

बाहेर वेल्डरचं काम थांबल्यासारखं वाटलं. मग पुन्हा सुरू झालं.

"तुम्हाला नाही ना लागलं कुठे?" मुलाने विचारलं.

"नाही."

"बघू हात."

"ते फोड कानशीचे आहेत. गाढवा, तू इथे असतास तर..." त्याने चावी उचलून मुलाच्या हातात दिली. "धर. दाबून धरायची. सोडली की पडेल. तुझ्यासाठी नाही केली. माझ्यासाठी केली."

मग तो नळाशी गेला आणि मुलाने ठेवलेल्या साबणाने हात धुतले. सावकाश, कोपरापर्यंत. डबा उचलला. जेवायला अजून वेळ होता.

"बाबा, आता कुठे?"

"नियम आहे."

मुलगा चावी हातात धरून उभा होता. भाऊला वाटलं, आता तो म्हणेल, बरं झालं, बसाच घरी. भाऊ चपला घालायला लागला तेही पाठमोरा, म्हणजे ते ऐकताना तोंड दिसायला नको.

"उद्या लवकर या," मुलगा म्हणाला. "फ्लँजची आतली बाजू तुम्हीच करा. मला ते माप साधत नाही." मग चावी चकमध्ये घालून त्याने हात सोडला. ती टण्णकन खाली पडली. "आणि ही स्प्रिंग जरा जास्तच कडक झालीय."

"उद्या बघू," भाऊ म्हणाला. "नेहमीच्या वेळेला येईन. लवकरबिवकर नाही."

रस्त्याने तो भराभर चालला, मग आपण भराभर चालतोय हे लक्षात येऊन हळू झाला, आणि कोपऱ्यावर पुन्हा भराभर. भर उन्हात, रिकाम्या रस्त्याने, हातात डबा घेऊन घरी जाण्याची त्याला सवय नव्हती.

दार अक्काने उघडलं. तिने त्याचे स्वच्छ धुतलेले हात पाहिले. नियम तिलाही माहीत होता.

"ये," ती म्हणाली. "पंखा लावते."

त्या संध्याकाळी तिने लिहिलं: गुरुवार, १६ मार्च. आखूड पडदा शिंप्याला परत दिला. भाऊचा डबा भरलेला परत आला. दुपारी ताटात वाढून दिला, सगळा संपला.